सुई आत असेपर्यंत

"मोडत नाहीये हो अत्ते," सुप्रीता म्हणाली. "आत तार आहे हिच्या."

झालं होतं एवढंच, की सिंक तुंबलं होतं. जानेवारीतली सकाळ, दहा वाजलेले, पद्मावती जेवणाच्या टेबलाशी अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसलेली. सुनेनं ड्रॉवरमध्ये हाताला लागली ती जुनी विणायची सुई घेतली, जाळीत खुपसली, जोर लावला आणि कट् असा आवाज झाला. पद्मावती सवयीनं म्हणाली, "मोडलीस ना? प्लास्टिकची आहे ती, स्वल्प हळू घ्यायचं." त्यावर सुप्रीतानं सुई वर धरून दाखवली. हस्तिदंती रंगाचं प्लास्टिक मधोमध तडकलं होतं, पण दोन्ही तुकडे एकमेकांना सोडत नव्हते. मधून एक काळपट बारीक तार दिसत होती. "जुन्या काळच्या वस्तू, मजबुतीसाठी घालत असतील," असं म्हणून सुप्रीतानं ती वाकडी सुई ओट्यावर टाकली आणि प्लंबरला फोन लावला. सासूला ती घरच्या रीतीनं अत्ते म्हणे, आणि अत्तेंना काय वाटतंय याकडे तिचं एरवी बारीक लक्ष असे. आज प्लंबर फोन उचलत नव्हता, म्हणून राहून गेलं.

पद्मावतीच्या हातातली शेंग हातातच राहिली. पासष्ट वर्षांच्या बाईला एका तारेनं धक्का बसावा असं त्या तारेत काही नव्हतं. ती उठली. फ्रिजच्या दारावर लेकानं, कार्तिकनं, कुठल्याशा कॉन्फरन्सहून आणलेलं लोहचुंबक चिकटवलेलं होतं, ते तिनं काढलं. ओट्यापाशी जाऊन सुईच्या अंगावरून फिरवलं. सुई अंग चोरून जरा सरकली आणि टक् करून चुंबकाला बिलगली. तिनं ओढून काढली, परत नेली, परत टक्. पाच-सहा वेळा तिनं तेच केलं.  लोखंड. घरात चाळीस वर्षं पडून असलेल्या, नाड्या ओवलेल्या, लोणच्याच्या बरणीतले तुकडे काढलेल्या सुईच्या पोटात लोखंड होतं. आणि हिची जोडीदारीण, हिच्याच जोडीची दुसरी सुई, तिनं स्वतःच्या हातानं कानशीनं घासून कारखान्यातल्या रत्नाबाईला दिली होती.

बोम्मसंद्र्याला तेव्हा कारखाने नुकते येऊ लागले होते. त्यातल्या एका कॉइलच्या कारखान्यात पद्मावती नोकरीला होती, तपासणीच्या टेबलावर, वय सव्वीस. रेडिओत कुठलंही स्टेशन लावा, धारवाड लावा की सिलोन, आत आल्यावर त्या सगळ्यांना एकाच मापाच्या चाळणीतून जावं लागतं: चारशे पंचावन्न किलोसायकल. ती चाळणी म्हणजे आय.एफ. ट्रान्सफॉर्मर. नाव भारदस्त, वस्तू बोटाच्या पेराएवढी. चौकोनी पत्र्याची डबी, आत केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि वरच्या भोकातून दिसणारा, पेचासारखी खाच असलेला काळा कोर. मुली तिला नुसतं डबी म्हणत. डबी यंत्राला लावायची, सुईनं कोर अगदी थोडाथोडा फिरवायचा. समोरच्या मीटरचा काटा चढतो, चढतो, एका जागी टोक गाठतो आणि उतरायला लागतो. ते टोक सापडलं की हात थांबवायचा, सुई काढायची, कोरावर मेणाचा थेंब टाकायचा. झाली डबी चारशे पंचावन्नची. बारा मुली दिवसभर हेच करत, आणि बारा जणींच्या डब्या शेवटी पद्मावतीच्या टेबलावर येत. ती शंभरातल्या दोन उचलून तपासायची आणि ट्रेच्या चिठ्ठीवर सही करायची. तिच्या सहीशिवाय एक डबी बाहेर जात नसे. याचा तिला भारी तोरा होता, आणि तो तिला शोभतही असे.

इंजिनिअर भीमाचार्य, कपाळाला अंगारअक्षता लावून येणारे, दिवसातून दहादा ओरडत, "कब्बिणा दूर!" लोखंड लांब. धातू जवळ गेला की कॉइलचं माप बदलतं. पेचकस लोखंडाचा असेल तर तो आत असेपर्यंत माप वेगळं आणि काढल्यावर वेगळं. म्हणून प्लास्टिकच्या खास सुया परदेशातून येत, आणि चार दिवसांत त्यांची टोकं झिजत. तेव्हा युक्ती काढली ती पद्मावतीनं. अव्हेन्यू रोडवरून विणायच्या प्लास्टिकच्या सुया आणल्या, टोकं कानशीनं चपटी घासली. भीमाचार्यांनी सगळ्यांपुढं तिची पाठ थोपटली. पाकिटातून अकराच झाल्या. बारावी रत्नाबाई. तिला कुठली तरी द्यायची कशी, ती तर सगळ्यांत चांगली! पद्मावती घरी गेली, अर्धा विणलेला स्वेटर हस्तिदंती सुयांवरून उतरवला, टाके सुटले तरी हळहळली नाही, आणि त्यातली एक घासून दुसऱ्या दिवशी रत्नाबाईच्या हातात दिली. "घरची आहे," म्हणाली. टोक घासताना प्लास्टिकचाच भुगा पडला होता. तार टोकाच्या मागं कुठंतरी सुरू होत असणार, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. एवढं अंतर पुरतं. डबीला एवढं अंतर म्हणजे अंगाला अंग लागल्यासारखंच. हे पद्मावतीला आज ओट्यापाशी उभ्याउभ्या कळत होतं, जसं ते इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पहिल्या वर्षाच्या पोराला कळलं असतं, आणि तिच्या टेबलावर तेव्हा रोज एक चुंबक कागदावर ठेवलेलं असायचं, चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून.

"अत्ते, प्लंबर बारापर्यंत येतो म्हणाला. तुमचं डोकं दुखतंय का?"

"नाही गं. सरी, बरं, येऊ दे."

ती परत बसली आणि शेंगा सोलू लागली. दाणे टरफलांत टाकत होती आणि टरफलं भांड्यात. दोन-तीनदा असं झाल्यावर तिच्या लक्षात आलं. मग ती नुसतीच बसून राहिली. ती सुई दिल्यावर तीन आठवड्यांनी रेडिओवाल्यांकडून चार हजार डब्या परत आल्या होत्या. सगळ्या रत्नाबाईच्या. सगळ्या एकाच बाजूला, एकाच अंतरानं चुकलेल्या. एकाच अंतरानं! जिचा हात थरथर कापतो ती बाई चुकली तर कधी इकडं चुकेल, कधी तिकडं. चार हजार वेळा तीच चूक हात करत नाही, हत्यार करतं. हे तेव्हा कुणी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं तिनंच, कारण परत आलेल्या डब्यांचे आकडे तिनंच मांडले होते. पण त्या ट्रेंच्या चिठ्ठ्यांवर सह्याही तिच्याच होत्या, आणि तपासलेल्या डब्या किती होत्या? एकही नाही. रत्नाबाईचा ट्रे आला की ती नुसती सही करायची. त्या हाताची डबी काय तपासायची, उगीच वेळ घालवणं. विश्वास होता हो. विश्वासच होता. आणि तोच विश्वास मॅनेजरच्या खोलीत कबूल करायची वेळ आली, तेव्हा नोकरी जाईल या भीतीनं तिची बोबडी वळली.

त्या खोलीतलं सगळं तिला आठवतं असं ती समजत होती. इतक्यांदा सांगितलं होतं तिनं ते. पण सांगून सांगून त्या आठवणीचे कोपरे घासले गेले होते, आणि आज कोपरे परत टोचू लागले. रत्नाबाई खुर्चीच्या मागं उभी होती, खुर्चीवर बसली नव्हती. हिरवी साडी, डोक्यावर पदर. जयनगरच्या मुली व्हॅननं येत, ही गावातूनच चालत यायची. पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहिलेलं मराठ्यांचं घर, नवरा संताजी हमाली करणारा. दोघींचं मराठी सारखंच कन्नडात भिजलेलं, पण खोलीत खुर्ची एकीलाच दिलेली. रत्नाबाई पाच वर्षांनी मोठी, तरी पद्मावतीला पद्माक्का म्हणायची. ती म्हणाली, "सुई आत असते ना अक्का, तोपर्यंत काटा बरोबर टोकावर असतो. सुई काढली की उतरतो. देवीची आण. मी रोज बघते." याहून नेमकं निदान कुणी करू शकलं नसतं. भीमाचार्यांनी शिकवलेला धडाच ती शब्दाशब्दानं म्हणत होती, फक्त कुणी धडा म्हणून ऐकला नाही. भीमाचार्यांनी विचारलं, "काढली की उतरतो? म्हणजे काढताना तू हलवतेस." आणि त्यांनी पद्मावतीकडं बघितलं. तिनं काय करायचं होतं? "सर, तिची सुई बघू या," एवढं म्हणायचं होतं. सहा शब्दसुद्धा नाहीत. ती म्हणाली, "हो सर. मी तपासलेल्या बरोबर होत्या. हात कापतो हिचा, अलीकडे."

हात कापतो हिचा. वाक्य तोंडातून गेलं तेव्हा ते अर्धं खोटं होतं. संध्याकाळी व्हॅनमध्ये बसेपर्यंत तिला ते खरं वाटू लागलं. दिवाळीपर्यंत तर रत्नाबाईचा थरथरता हात तिनं डोळ्यांनी पाहिलेला होता. माणसाचं मन असं गुणी. आणि पुढं तर तिनं त्याची गोष्टच केली. कार्तिक अभ्यासाला नुसता दिसण्यापुरता बसला की ती म्हणायची, रत्नाबाईचं कॉइल आहेस तू, बघतोय तोवर बरोबर. घरात ती म्हणच पडली. वॉचमन, गवंडी, केबलवाला, सगळे रत्नाबाईची कॉइलं. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात कार्तिक आपल्या हाताखालच्या पोरांना हे म्हणतो, आणि ती पोरं, ज्यांनी आय.एफ. ट्रान्सफॉर्मर जन्मात पाहिलेला नाही, तीही आता एकमेकांना म्हणतात. हे तिला त्यानं कौतुकानं सांगितलं होतं गेल्या महिन्यात, आणि ती हसली होती. पोट दुखेपर्यंत हसली होती.

"सुप्रीता," ती म्हणाली, "आपण ते रत्नाबाईचं कॉइल म्हणतो ना..."

"हां, तो प्लंबर तसलाच. समोर उभं राहिलं तरच काम करणार." सुप्रीता हसली. "का हो?"

"काही नाही."

सांगता आलं नाही. सुनेला सांगता आलं नाही ते रत्नाबाईला जाऊन कसं सांगणार होती, देव जाणे. पण घरात बसणं अशक्य झालं. शॉपिंग कॉम्प्लेक्सकडं जाऊन येते म्हणून ती निघाली आणि ऑटोवाल्याला आर. व्ही. रोड स्टेशन म्हणाली. नवी पिवळी मेट्रो थेट बोम्मसंद्र्याला जाते. कारखाना कधीच बंद झाला होता, पण त्याच्या मागच्या गल्लीत संताजीनं बांधलेल्या दोन खोल्या अजून आहेत आणि रत्नाबाई तिथंच असते, हे तिला ठाऊक होतं. चाळीस वर्षं ठाऊक होतं. एकदा बनशंकरीला देवळात लांबून दिसली होती, तेव्हा पद्मावती खांबाआड झाली. का झाली होती? चोर तर ती होती ना गोष्टीतली, रत्नाबाई? मग आपण का लपलो, हा प्रश्न तेव्हा तिला पडला नाही. आज गाडी सिल्क बोर्डवरून जाताना, खाली तुंबलेल्या गाड्यांकडं बघताना तिला घाम फुटला, कारण उत्तर इतकं सोपं होतं. कुठंतरी माहीत होतं. तार माहीत नव्हती, पण काहीतरी आहे आणि ते बघायचं नाही, हे माहीत होतं. शेजारच्या मुलीनं उठून तिला आपली जागा दिली. "आजी, बरं वाटत नाही का?" असं कन्नडात विचारलं. तिनं मान हलवली. कशासाठी हलवली ते तिलाही कळलं नाही. ती रागाची तयारी करत होती. शिव्या देईल, देऊ दे. हात उगारील, उगारू दे. शेजारीपाजारी गोळा करील. या सगळ्याला ती तयार होती, आणि या तयारीत तिला चक्क थोडं हलकं वाटू लागलं होतं, हेही खरं.

गल्लीत शिरली तर रत्नाबाई दारातच बसली होती, उन्हाकडं पाठ करून. सत्तरीची, वाळलेली, केस पांढरेफेक. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"कोण? आय्यो, पद्माक्का? या, या. आत या. अक्षरा, बघ कोण आलंय. आमच्या कंपनीतल्या मॅडम."

नात बाहेर आली, अठरा-एकोणीसची, कानात इअरफोन. रत्नाबाई भिंतीला धरून उठली, "कॉफी ठेवते," म्हणाली. मुलगी चटकन म्हणाली, "तू बस आजी. सांडशील. मी करते." रत्नाबाई निमूट बसली. पद्मावतीनं ते ऐकलं आणि पहिल्यांदा तिला वाटलं, की आपण ज्याची तयारी करून आलो ते इथं नाहीच.

तिनं सांगितलं. आडपडदा न ठेवता, थांबली की परत सांगता येणार नाही म्हणून एका दमात: सुई, सिंक, तार, चुंबक. न तपासता केलेल्या सह्या. मॅनेजरच्या खोलीत ती खोटं बोलली ते. घरातली म्हणसुद्धा सांगितली.  मग म्हणाली, "तुझा हात कापत नव्हता, रत्नाबाई. कधीच नाही. माझी चूक. माझं पाप आहे ते."

रत्नाबाई रागावली नाही. ती आपल्या उजव्या हाताकडं बघत होती, मांडीवर उताणा ठेवलेल्या.

"कापत नव्हता?" तिनं विचारलं.

"नाही."

"पण तुम्ही म्हणालात."

"खोटं म्हणाले मी."

"तुम्ही म्हणालात अक्का. मला नव्हतं दिसत कापताना. पण म्हटलं, तुमची मीटरची नजर. तुम्हाला दिसलं म्हणजे असणारच. आपल्याला आपला हात काय दिसतो." ती सावकाश बोलत होती, हिशेब लागत नसल्यासारखी. "नंतर शाळेत झाडू मारायला लागले. झाडूला काय, हात कापला तरी चालतं. पुढच्या वर्षी लेक झाली. न्हाऊ नाही घातलं मी तिला. सासूनं घातलं, सासू गेल्यावर ह्यांनी. नखं ह्यांनी काढली. काजळ तर... डोळ्याशी कसं जायचं लेकराच्या, असला हात घेऊन? लेकीला नाही, या अक्षरालाही नाही. चाळीस वर्षं मी कुणाच्या डोळ्याशी बोट नेलं नाही अक्का."

पद्मावतीला वाटलं, आपण खाली बसलेलोच आहोत, तर मग जमीन अजून खाली कशी जातेय. तिनं मॅनेजरला खोटं सांगितलं होतं. मॅनेजरनं मानलं, भीमाचार्यांनी मानलं, तिनं स्वतः मानलं, हे सगळं ती सकाळपासून मोजत आली होती. रत्नाबाईनंही मानलं असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. शिव्या देणारी, मनात तळतळाट करणारी, आपण निर्दोष आहोत हे छातीठोक जाणणारी एक रत्नाबाई तिनं गाडीत बसून तयार केली होती, आणि ती रत्नाबाई कधी नव्हतीच. आपण तिची नोकरी नेली होती हे ठीक. नोकरी चार महिन्यांचं दुखणं. हात नेला होता. बाईचा हात.

अक्षरा कॉफीचे पेले घेऊन दारात थबकली होती. तिनं सगळं ऐकलं असावं. रत्नाबाईनं तिच्याकडं बघितलं, बराच वेळ, मुलीला आज पहिल्यांदा बघत असल्यासारखं, आणि म्हणाली, "तुझी ती काजळाची कांडी आण गं."

"कशाला?"

"आण."

मुलीनं पेले ठेवले, आतून कांडी आणली, पण देताना हात मागं घेतला. "आजी, नको ना. डोळ्याला लागेल." वाईट हेतूनं म्हणाली नाही बिचारी. घरात सगळे असंच म्हणत आले होते.

"माझ्या डोळ्यात घाल," पद्मावती म्हणाली.

दोघींनी तिच्याकडं पाहिलं. ती पुढं सरकली, चष्मा काढून बाजूला ठेवला, रत्नाबाईच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली आणि तोंड वर केलं. तिला खरंच ते हवं होतं. आयुष्यात एखादी गोष्ट इतकी मनापासून हवीशी वाटल्याचं तिला आठवत नव्हतं. रत्नाबाईनं कांडीचं टोपण काढलं. डाव्या हातानं पद्मावतीची हनुवटी धरली. तळवा खरखरीत होता आणि गार. खालची पापणी अंगठ्यानं हलकेच ओढली. कांडीचं काळं टोक जवळ येऊ लागलं, चष्म्याविना धूसर, मोठं होत होत. आणि पद्मावतीनं डोळा घट्ट मिटून घेतला.

"उघडा अक्का," रत्नाबाईचा आवाज आला.

तिनं उघडायचा प्रयत्न केला. देवाशपथ केला. मनानं ती शंभर वेळा म्हणाली, की हा हात कापत नाही, कापत नाही, कधी कापत नव्हता. पण पापणीला ते पटत नव्हतं. पापणी चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या खोलीतच उभी होती. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं, ते गालावरून रत्नाबाईच्या अंगठ्यावर गेलं, तरी अंगठा तिथंच होता.

"उघडा. मला घाई नाही."

 बाहेर हॉसूर रोडवरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग अक्षरा जवळ येऊन बसली असावी, कारण तिचा आवाज अगदी कानाशी आला, आणि त्यात नवल होतं.

"आजी," ती म्हणाली, "तुझा हात हलतच नाहीये गं. त्यांची पापणी हलतेय."

"बघते आहे मी," रत्नाबाई म्हणाली, आणि कांडी तशीच धरून थांबली.